मताच्या हक्काची घरं

मी अंगणवाडी सेविका आहे आणि बोईसरजवळच्या एका मतदान केंद्राची बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) सुद्धा. मतदार यादीच्या आपल्या भागात कोण नवीन आलं, कोण गेलं, कुणाचं नाव चुकलं हे घरोघर जाऊन बघायचं आणि अर्ज भरून घ्यायचे, हे बीएलओचं काम. माझ्या भागात तारापूर एमआयडीसीतल्या कामगारांच्या चाळी आहेत, वारल्यांचे पाडे आहेत आणि चिंचणी-डहाणूकडून सून होऊन आलेल्या बायकांची घरं आहेत.

पुरुषाचं नाव यादीत एकदा चढलं की ते सहसा हलत नाही. बाईचं नाव मात्र जपावं लागतं. लग्नात तांदळाच्या ताटात तिचं नवीन नाव लिहिलं जातं. मग शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा, रेशनकार्ड सासरच्या नावाचं, आणि आधारवर त्या दिवशी जे सांगितलं गेलं ते. माहेरच्या यादीतून नाव निघतं, सासरच्या यादीत ते चढायला कुणाला सवड नसते. पाड्यावर एका आजीला मी नाव विचारलं तर ती म्हणाली, "माझा कशाला बाय, घरवाल्याचा लिव." मी म्हटलं, "आजी, त्यांचं मत त्यांचं. तुमचं मत तुमच्या नावावर." तिने मग जरा थांबून, हळू आवाजात स्वतःचं नाव सांगितलं.

हे नाव यादीत यावं म्हणून कुणीतरी भांडलं होतं. पण कोण? आमच्याकडे विचारलं तर उत्तर येतं, घटनेने दिलं, बाबासाहेबांनी दिलं. ते खरंच आहे. पण घटना येण्याआधी तीसेक वर्षं या देशातल्या बायका सभा घेत होत्या, अर्ज करत होत्या, बोटीत बसून लंडनला जात होत्या. त्यात मुंबई-पुण्याच्या बायका पुढे होत्या, आणि आपला पालघर भाग तेव्हा त्याच मुंबई इलाख्यातल्या ठाणे जिल्ह्यात होता. ही गोष्ट आपल्या इतक्या जवळ घडली, आणि आपल्या मुलींना ती ठाऊक नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

जगात अशा लढ्याची घरं राखलेली आहेत. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला 62, नेल्सन स्ट्रीट हे एमेलिन पँकहर्स्ट यांचं घर. 1903 सालच्या ऑक्टोबरात त्या घराच्या बैठकीच्या खोलीत काही बायका जमल्या आणि त्यांनी मताधिकारासाठी संघटना काढली. पुढे ते घर पाडायला निघाले होते. बायकांनीच ते वाचवलं आणि 1987 साली ते लोकांसाठी उघडलं. अमेरिकेत रॉचेस्टरला सुझन अँथनी यांचं घर आहे. 1872 साली त्यांनी कायदा नसताना जाऊन मत टाकलं, तेव्हा पोलिसांनी त्यांना याच घरातून पकडून नेलं. कोर्टाने 100 डॉलर दंड केला. तो त्यांनी कधीच भरला नाही. आज त्या घरात शाळेच्या मुली रांगेने जातात आणि ती खोली बघतात.

आपल्याकडे मताधिकाराचं असं स्वतंत्र घर नाही. पण लढ्याचे पत्ते आहेत. ते पाहायला मी मुंबईत गावदेवीला गेले.

मणिभवनात बायका शोधताना

बोईसरहून सकाळची चर्चगेट लोकल धरली, दादरला उतरून धीमी गाडी घेतली आणि ग्रँट रोडला उतरले. तिथून चालत गेलं की वाटेत ऑगस्ट क्रांती मैदान लागतं. 9 ऑगस्ट 1942 ला, 'चले जाव' चळवळीत, अरुणा असफ अली यांनी तिथे झेंडा फडकवला. त्यानंतर पाच दिवसांनी, 14 ऑगस्टला, आपल्या पालघरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. पालघरच्या हुतात्मा चौकातून आपण रोज जातो. हे मैदान आणि तो चौक एकाच आठवड्याने जोडलेले आहेत.

पुढे लॅबर्नम रोडवर झाडांच्या सावलीत मणिभवन आहे. गांधीजींचे स्नेही रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचं हे घर. 1917 ते 1934 या काळात गांधीजी मुंबईत आले की इथेच उतरत. रौलट कायद्याविरुद्धचा सत्याग्रह 1919 साली इथून सुरू झाला. 4 जानेवारी 1932 ला पहाटे गच्चीवरच्या तंबूतून त्यांना अटक झाली. 1955 साली गांधी स्मारक निधीने हे घर ताब्यात घेऊन त्याचं संग्रहालय केलं.

खाली ग्रंथालय आहे. जिन्याच्या भिंतीवर फोटो आहेत. वर गांधीजींची खोली तशीच ठेवलेली आहे: गादी, चरखे, लिहायचं बैठं मेज. शेजारच्या दालनात त्यांच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या छोट्या बाहुल्यांतून उभे केले आहेत. ते काम सुशीला गोखले-पटेल या बाईंच्या हातचं. त्या चेहऱ्यांसमोर मी खूप वेळ उभी राहिले. एका बाईने किती धीराने ही माणसं घडवली असतील!

त्या घरात माझ्या मनात एकच प्रश्न होता. या जिन्यावरून चढलेल्या बायका कोण होत्या आणि त्यांना मत होतं का?

1930 च्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीत मुंबईच्या बायका हजारोंनी रस्त्यावर आल्या. देशसेविका संघाच्या बायका केशरी साड्या नेसून परदेशी कापडाच्या दुकानांसमोर उभ्या राहिल्या. हंसा मेहता, दादाभाई नौरोजींची नात पेरीन कॅप्टन, अवंतिकाबाई गोखले, कमलादेवी चट्टोपाध्याय ही त्यातली नावं. गांधीजींचं पहिलं मराठी चरित्र 1918 साली अवंतिकाबाईंनीच लिहिलं आणि त्याच वर्षी हिंद महिला समाज काढला. पुढे 1923 साली मुंबईच्या महापालिकेत बायका प्रथमच बसल्या, त्यांत सरोजिनी नायडूंबरोबर अवंतिकाबाई होत्या. कमलादेवींनी 1926 साली मद्रासच्या कायदेमंडळाची निवडणूक लढवली. बाईने अशी निवडणूक लढवण्याची ती देशातली पहिलीच वेळ. थोडक्या मतांनी त्या हरल्या.

आणखी एक धागा इथे सांगायला हवा. गांधीजी 1906 साली लंडनला गेले तेव्हा तिथल्या बायका मतासाठी तुरुंगात जात होत्या. ते पाहून त्यांनी आफ्रिकेतल्या आपल्या 'इंडियन ओपिनियन' पत्रात त्यांच्या धैर्याचं कौतुक केलं आणि तिथल्या हिंदी लोकांनी यातून शिकावं असं सुचवलं. पुढे त्या बायकांनी मोडतोड सुरू केल्यावर त्यांनी तो मार्ग नाकारला. पण हक्कासाठी आपण होऊन तुरुंग पत्करायचा, हे त्यांनी बायकांकडून पाहिलं होतं. मणिभवनात हे कुठेतरी ठळक लिहिलेलं असावं असं मला फार वाटतं.

रमाबाई, हिराबाई आणि मिठन

मणिभवनातून निघून मी त्याच गावदेवीत सेवासदनच्या रस्त्याला लागले. हे संग्रहालय नाही, चालती संस्था आहे. 1908 साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी ती काढली आणि पहिल्या अध्यक्षा झाल्या रमाबाई रानडे. पुण्याचं सेवासदन त्याच्या पुढच्या वर्षी, 1909 ला, रानड्यांच्या वाड्यात सुरू झालं.

रमाबाई आपल्याला न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी म्हणून आणि त्यांच्या आठवणींच्या पुस्तकामुळे माहीत आहेत. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली, अक्षरओळख नसलेली देवराष्ट्र्याची मुलगी. पती त्यांना शिकवायला बसले तर घरातल्या बायकांनी अबोला धरला. त्याच रमाबाई पुण्यात मुलींचं शिक्षण सक्तीचं व्हावं म्हणून बायकांचा मोर्चा घेऊन निघाल्या, आणि मुंबई इलाख्यात बायकांना मत मिळावं या चळवळीच्या पुढारी झाल्या. ज्या बाईला पाटीवर अक्षर काढायला घरात चोरी होती, तिने सरकारला सांगितलं की कायदेमंडळात कोण बसेल हे आम्हीही ठरवणार. मला याहून मोठी गोष्ट माहीत नाही.

या चळवळीचा क्रम सोपा करून सांगते. 1917 च्या डिसेंबरात भारतमंत्री माँटेग्यू मद्रासला आले. सरोजिनी नायडू बायकांचं शिष्टमंडळ घेऊन त्यांना भेटल्या. मागणी एकच होती: नव्या सुधारणांत पुरुषांना जे हक्क द्याल ते बायकांनाही द्या. 1918 मध्ये मुंबईला काँग्रेसचं खास अधिवेशन भरलं, तिथे सरोजिनीबाईंनी हा ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. पण मताधिकार ठरवायला नेमलेली साउथबरो समिती म्हणाली, हिंदुस्थानचा समाज यासाठी तयार नाही. बायका पडद्यात असतात, मत कसं देणार?

मग मुंबईच्या हिराबाई टाटा आणि त्यांची लेक मिठन 1919 साली लंडनला गेल्या. हिराबाईंना या कामाची ओढ लागली ती 1911 साली काश्मीरच्या सहलीत. तिथे त्यांना राजकन्या सोफिया दुलीप सिंग भेटल्या आणि त्यांच्या अंगावर 'बायकांना मत द्या' असं लिहिलेला बिल्ला होता. हिराबाईंनी त्याबद्दल विचारलं आणि तिथून त्या या कामात पडल्या. लंडनला मायलेकींनी पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली, गावोगाव सभांतून भाषणं केली, लोकांची पत्रं गोळा केली. मिठन तिथेच शिकून बॅरिस्टर झाल्या आणि मुंबई हायकोर्टात वकिली करणाऱ्या पहिल्या हिंदी स्त्री बॅरिस्टर ठरल्या. लग्नानंतरचं त्यांचं नाव मिठन लाम.

पार्लमेंटने 1919 च्या कायद्यात बायकांना मत दिलंही नाही आणि नाकारलंही नाही. निर्णय प्रांतांच्या कायदेमंडळांवर सोडला. मद्रास आणि मुंबई या दोन इलाख्यांनी 1921 साली बायकांना मत दिलं. म्हणजे फ्रान्सच्या बायकांना मत मिळण्याच्या तेवीस आणि स्वित्झर्लंडच्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळण्याच्या पन्नास वर्षं आधी मुंबई इलाख्यातल्या बाईचं नाव यादीत चढलं. रमाबाईंनी हे पाहिलं. 1924 साली त्या गेल्या.

जमीन नाही तर मत नाही

इथे मला आमच्या पाड्यावरच्या आजीकडे परत यावं लागतं, कारण 1921 चं मत तिच्या आईला मिळालं नव्हतं. ते मत मालमत्तेला बांधलेलं होतं. ज्याच्या नावावर ठरावीक सारा किंवा कर, त्यालाच मत. पुरुषांनाही तेच लागू होतं, पण बायकांच्या नावावर जमीन असतेच किती? या अटींमुळे सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात बायका मतदार होत्या सुमारे 3 लाख 15 हजार. 1935 च्या कायद्याने अटी सैल केल्या, मतदाराची पत्नी किंवा लिहिता-वाचता येणारी बाई यांना वाट मोकळी केली, तेव्हा हा आकडा 60 लाखांच्या वर गेला. तरीही पत्नी म्हणून मिळालेलं मत नवऱ्याच्या मालमत्तेवर टांगलेलं राहिलं.

स्त्री-संघटनांना हे पुरेसं वाटत नव्हतं. अखिल भारतीय महिला परिषद 1927 च्या जानेवारीत पुण्याला जन्मली. ती शिक्षणासाठी भरली होती, पण पाचेक वर्षांतच इतर संघटनांबरोबर तिने मागणी केली की प्रत्येक प्रौढ माणसाला मत द्या, अट नको. डॉ. आंबेडकरांनीही सायमन कमिशनच्या वेळी सगळ्या प्रौढ स्त्री-पुरुषांच्या मताचा आग्रह धरला होता.

डहाणू-तलासरी-पालघर पट्ट्यात तेव्हा काय चाललं होतं? वारल्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या होत्या. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही लग्नगडी म्हणून मालकाच्या घरी राबत, आणि ते कर्ज फिटत नसे. वेठ होती, मारहाण होती, बायकांवर जबरदस्ती होती. साऱ्याच्या अटीवर मिळणारं मत अशा माणसापर्यंत पोचणारच नव्हतं. 1945 साली झरीच्या किसान परिषदेनंतर वारल्यांनी वेठ नाकारली. गोदावरी परुळेकर त्यांच्यामागे उभ्या होत्या. महाराष्ट्रातल्या त्या पहिल्या महिला कायदा पदवीधर. पुण्याच्या घरातलं सुख सोडून त्या पाड्यापाड्यावर अनवाणी लोकांबरोबर चालल्या. 'जेव्हा माणूस जागा होतो' या त्यांच्या पुस्तकात ती सगळी हकीकत आहे आणि ते आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत असायला हवं.

मताची गोष्ट सांगताना मी म्हणूनच हिराबाईंच्या शेजारी गोदावरीबाईंना बसवते. हिराबाईंनी यादीचं दार उघडायला लावलं. आमच्या भागातल्या माणसाला त्या दारापर्यंत ताठ मानेने चालत जाता आलं ते वेठ मोडल्यामुळे.

26 जानेवारी 1950 ला घटना अमलात आली आणि एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मत मिळालं. जमीन, अक्षर, नवरा, कशाचीच अट उरली नाही. पुढे 1989 पासून वय अठरा झालं. पण 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीच्या याद्या करताना एक अडचण आली, जी वाचून मी थक्क झाले. उत्तरेकडच्या कित्येक बायकांनी नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं, स्वतःचं नाव नसेल तर नोंद नाही. सुमारे 28 लाख बायकांची नावं त्यामुळे यादीतून गेली. हा निर्णय कठोर होता, पण त्यामुळे पुढच्या वेळी बायका स्वतःचं नाव सांगून नोंदल्या गेल्या. आमच्या पाड्यावरच्या आजीच्या हळू आवाजामागे इतका इतिहास आहे.

आता आपलं काम

1993 पासून पंचायतीत बायकांसाठी एक तृतीयांश जागा आल्या, महाराष्ट्राने 2011 साली त्या निम्म्या केल्या. आज पालघर जिल्ह्यात कितीतरी गावांच्या सरपंच बायका आहेत. ग्रामसभेत त्या पाण्याचं, रस्त्याचं, अंगणवाडीच्या पत्र्याचं बोलतात. हे मी रोज पाहते आणि मला त्याचा अभिमान आहे.

त्याच जिल्ह्यात दिवाळीनंतर पाडेच्या पाडे वीटभट्टीवर जातात आणि निवडणूक आली की बायका गावात नसतात. कंपनीच्या चाळीत उत्तरेकडून आलेली सून चार वर्षं राहते, पण तिचं नाव अजून गावाकडच्या यादीत असतं. लग्न होऊन गेलेल्या मुली दोन्हीकडून सुटतात. कुणी मुद्दाम काढत नाही, पण नाव राहत नाही. पूर्वी कायदा बाईला यादीबाहेर ठेवत होता. आता तिला बाहेर ठेवते ती आपली हयगय.

मला दोन गोष्टी मागायच्या आहेत. पहिली शाळांकडे आणि आपल्या लोकप्रतिनिधींकडे. सहलीला मुलींना मणिभवनात न्या, जवळच्या सेवासदनच्या दारातही उभं करा आणि रमाबाई, हिराबाई, मिठन, अवंतिकाबाई ही नावं सांगा. आपल्या जिल्ह्यात गोदावरीबाईंच्या नावाने एक खोली असू द्या. 1952 च्या पहिल्या मतदानाची आठवण असलेल्या म्हाताऱ्या बायका आता फार थोड्या उरल्या आहेत. त्यांचं बोलणं तिथे नोंदवून ठेवा. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. मँचेस्टरच्या लढ्याची सुरुवात एका बैठकीच्या खोलीत झाली होती.

दुसरी मागणी घरातल्या बायकांकडे. यादीत आपलं नाव आहे का, बरोबर लिहिलं आहे का, हे स्वतः बघा. नवीन नावासाठी अर्ज क्रमांक 6, पत्ता बदलला किंवा नाव दुरुस्त करायचं असेल तर अर्ज क्रमांक 8. लग्न करून आलात तर सासरच्या पत्त्यावर नोंद बदलून घ्या. आता वर्षातून चार तारखा आहेत, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. यांपैकी ज्या तारखेला मुलीची अठरा वर्षं पूर्ण झालेली असतील, त्या तारखेच्या यादीत तिचं नाव येऊ शकतं. 1950 या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळते.

आणि तुमच्या गावची बीएलओ दारात आली तर आतून नवऱ्याला हाक मारू नका. स्वतः पुढे या आणि आपलं पूर्ण नाव मोठ्याने सांगा.